गाढवाच्या पोटाखाली

लिमात आभाळाला म्हणतात गाढवाचं पोट.
करडं, खाली लोंबणारं; हात केला तर लागेल बोट.
समुद्रावरून चढत राहतो वर धुक्याचा लोट,
आणि पाऊस नाही.

नाही म्हणजे, थेंब होऊन काही खाली पडत नाही.
छत्री कुणाच्या घरात नाही, पन्हळ कुणी जडत नाही.
तरीही गाल ओले होतात, कुणीसुद्धा रडत नाही.
तिला गारुआ म्हणतात.

मी निकानोरा. टेकडीवर तिसऱ्या वळणाला घर.
कपडे धुते परक्यांचे, वाळत घालते गच्चीवर.
गजांची टोकं उघडीच; मजला चढवायचाय वर,
बावीस वर्षं झाली.

सोराइदाबाईंच्या लॉजमधून चादरी येतात सोळा.
पिळल्या, झटकल्या, टांगल्या; आभाळावर ठेवला डोळा.
तिसऱ्या दिवशीही हाताला लागतो गारठ्याचा गोळा.
चौथ्या दिवशी इस्त्री.

बाई म्हणते, वास येतो. येतो. मी काय करू?
धुक्याला का दोरीवरून खाली ओढून धरू?
साबणाचे पैसे कापते, वर म्हणते, नको कुरकुरू.
मी कुरकुरते.

मीठ डबीत दगड होऊन तळाला चिकटलेलं,
काडीचं डोकं दमट, घासून घासून विटलेलं,
भिंतीवर ते हिरवं काही, पुसलं तरी पुन्हा फुटलेलं.
खोकला मेपासून.

माझ्या डोंगरगावी आभाळ निळं आणि टणक,
दगड मारला असता तर आली असती खणक.
चिडलं की गारा, विजा; घटकाभराची सणक,
मग मोकळं.

हे मात्र रुसल्या माणसागत. बोलत नाही, जात नाही.
वाढलेलं ताट समोर; उठत नाही, खात नाही.
माझा एलेउतेरिओ असाच. कधी उगारला हात नाही.
मग गेला, तसाच.

त्याला पुरलं जुलैमध्ये. हेच होतं वरती.
पाद्री म्हणाला, स्वर्गात आहे जागा सर्वांना पुरती.
वर बघितलं सगळ्यांनी; काळी गिधाडं फिरती.
स्वर्ग दिसला नाही.

नातू आबिलिओ. त्याच्या चित्रपेटीत रंग बारा.
उरलाय नखाएवढा करडा, झिजून गेलाय सारा.
निळ्या कांडीला अजून लागलेला नाही वारा.
म्हणतो, करडा आण.

ऑगस्टमधला मंगळवार. वाजले होते दोन.
पोटाला पडली फट, आत आला उन्हाचा कोन.
शेजारची देल्फिना ओरडली, हातात तसाच फोन:
सूर्य! सूर्य!

गच्च्यागच्च्यांवर माणसं आली. गाद्या आल्या, उशा.
मान वर करून पांक्रासिओने उन्हात धरल्या मिशा.
आबिलिओ नाचवत सुटला सावलीला दाही दिशा,
विसरलाच होता तिला.

देल्फिनाने रेडिओ लावला, बाटली कुणी फोडली,
कुत्र्याने जिन्याखालची कायमची जागा सोडली,
जमिनीवरून अबोला होता, ती गाठ बहिणींनी तोडली:
'ऊन आहे, बघ.'

आणि चादरी. कोपऱ्यात चहाचा डाग राहिलेला,
इथे पिवळा, तिथे गंजका, कधीच न पाहिलेला;
एकीवर कुणा अनोळख्याचा घोळणा फुटून वाहिलेला,
पुसट, तांबूस.

हातही पाहिले. केवढ्या भेगा, त्यांत साबण साचला.
खिसा वेगळ्याच रंगाचा, झग्याला दोऱ्याने टाचला.
बावीस वर्षांचा हिशेब गंजल्या गजांवर वाचला.
सतरा मिनिटं ऊन.

मग समुद्राकडून आलं ते, नेहमीसारखं, हळू.
शाळा मिटली, टाकी मिटली, दिशाही येईना कळू.
च्च म्हणत, गाद्या उचलत लोक लागले वळू.
मी उभीच.

डाग गेले. म्हणजे आहेत, दिसेनासे झाले.
हात माझे पुन्हा कुणाचेही, करड्यात बुडून न्हाले.
गंजल्या गजांच्या टोकांवर बारीक थेंब आले,
एकेक, गोल.

गाढव तरी काय करील? उन्हाची पोती पाठीवर,
कुणी हाकतं कुणास ठाऊक, चालतं कुणाच्या काठीवर.
तुटकी दोरी पुन्हा बांधली, गाठ मारली गाठीवर.
चादरी सोळा.

सोराइदाबाईंना सांगेन, वास येतो तर येऊ दे.
आणि दुकानातून एक करडा. निळा आहे, राहू दे.